कॅथलॅबमध्ये जाण्यापूर्वी: हृदयाच्या कॅथेटर तपासणीची तयारी आणि निर्णय कसे करावेत

हृदयाची कॅथेटर तपासणी करायची आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न धोका किती, हा निघतो आणि दुसरा किती वेळ लागेल, हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही आणि पुढचे बरेच काही त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते: तपासणीत रक्तवाहिनीत अडथळा सापडला तर त्याच वेळी स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवायचा, की बाहेर येऊन, चित्रफीत पाहून, विचार करून ठरवायचे? तपासणी आणि उपचार एकाच टेबलावर, एकाच मार्गाने आणि काही मिनिटांच्या अंतराने करता येतात, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. याच सोयीमुळे मोठे निर्णय कधी कधी फार घाईत घेतले जातात. म्हणून या लेखात तयारी आणि काळजी यांच्याइतकीच जागा निर्णयाला दिली आहे.

तपासणी कशासाठी असते

मनगटातील किंवा जांघेतील रक्तवाहिनीतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची लवचीक नळी हृदयापर्यंत नेणे, एवढीच या पद्धतीची मूळ कल्पना आहे. वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्याच दंडातील शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला आणि नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचल्याचे छायाचित्र त्याने काढून घेतले. पुढे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी या मार्गाने हृदयातील दाब आणि रक्तप्रवाह मोजण्याचे शास्त्र उभे केले आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले. शिरेतून उजव्या बाजूला जाण्याचा तो मार्ग आजही वापरात आहे. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब वाढला आहे का, झडपेची शस्त्रक्रिया करण्याइतका बिघाड आहे का, जन्मजात छिद्रातून किती रक्त चुकीच्या बाजूला वाहते आहे, यांसारख्या प्रश्नांसाठी उजव्या बाजूचे कॅथेटरायझेशन करतात. त्यात वेगवेगळ्या कप्प्यांतील दाब मोजतात आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहण्यासाठी नमुने घेतात.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र येते ती डाव्या बाजूची तपासणी, म्हणजेच कोरोनरी अँजिओग्राफी. हिच्यात नळी धमनीतून महाधमनीच्या मुळाशी नेतात, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशी टेकवतात आणि आयोडिनयुक्त डाय सोडून त्या धमन्यांची हलती क्ष-किरण चित्रे घेतात.

येथे एक भेद आधीच स्पष्ट करावा लागेल. हृदयविकाराचा झटका सुरू असेल आणि ईसीजीवर धमनी पूर्ण बंद असल्याची खूण दिसत असेल, तर विचारविनिमयाला वेळ नसतो. रुग्ण अशा सोयीच्या रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडावी, असा दंडक आहे आणि प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. त्या प्रसंगी नातेवाइकांनी संमती द्यावी आणि बाजूला व्हावे. या लेखातील सावकाश विचार करण्याचा सल्ला त्या रुग्णांसाठी नाही. चालताना छाती भरून येणे, दम लागणे, ट्रेडमिल तपासणी सदोष येणे अशा स्थिर स्वरूपाच्या तक्रारींसाठी ज्यांना बोलावले आहे, त्यांच्यासाठी तो आहे. अशा रुग्णांपैकी ज्यांची जोखीम कमी किंवा मध्यम आहे, त्यांनी सीटी अँजिओग्राफीने काम भागेल का, हेही विचारून घ्यावे. तिच्यात धमनीत नळी घालावी लागत नाही आणि धमन्या स्वच्छ निघाल्या तर प्रश्न तेथेच मिटतो.

जाण्यापूर्वीची तयारी

तयारीतील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे चालू औषधांची यादी. ती आठवून सांगू नये. गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून नाव, मात्रा आणि वेळ लिहून काढावी. ॲस्पिरिन सुरू असेल तर ती बंद करायची नसते. उलट त्या दिवशी सकाळीही घेण्यास सांगतात. वॉरफरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारे औषध असेल तर ते थांबवायचे की नाही, किती दिवस आधी आणि त्याऐवजी काही द्यायचे का, हे डॉक्टरच ठरवतात. झडप बदललेल्या रुग्णाने असे औषध परस्पर बंद करणे हे तपासणीपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते.

मधुमेहाच्या रुग्णांनी दोन गोष्टी विचाराव्यात. उपाशी राहायचे असल्यामुळे सकाळच्या इन्सुलिनची किंवा गोळ्यांची मात्रा किती ठेवायची, ही पहिली. दुसरी मेटफॉर्मिनबाबत. मूत्रपिंडे व्यवस्थित असतील तर हे औषध बहुधा अडचण करत नाही. ती कमकुवत असतील तर ते त्या दिवसापासून थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील घटक, पुन्हा तपासून मगच सुरू करतात. डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिनचा ताजा अहवाल हाती असल्याखेरीज नियोजित तपासणी होऊ नये. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्यांना तपासणीच्या आधी आणि नंतर शिरेतून सलाइन देतात, डाय कमीत कमी वापरतात आणि त्याच काळात आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात.

लैंगिक उत्तेजनासाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलचा उल्लेख रुग्ण संकोचाने टाळतात. तो टाळू नये. तपासणीच्या वेळी धमनी सैल पडावी म्हणून नायट्रोग्लिसरीन देण्याची पद्धत आहे आणि त्याच्या जोडीला यांपैकी एखादे औषध शरीरात असेल तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. नातेवाइकांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर परिचारिकेला एकटे गाठून सांगावे.

पूर्वी डाय दिल्यावर अंगावर पित्त उठले असेल, घसा सुजला असेल किंवा दम लागला असेल, तर ते आदल्या दिवसाच्या आतच कळवले पाहिजे, कारण प्रतिबंधासाठी द्यायची स्टिरॉइडची गोळी साधारणतः १३ तास आधीपासून सुरू करावी लागते. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याला डाय चालत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. ती ॲलर्जी प्रथिनांची असते. आयोडिनशी तिचा संबंध नाही. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ते आवर्जून सांगावे, कारण तपासणी क्ष-किरणांखाली होते.

उपाशी राहण्याबाबत प्रत्येक रुग्णालयाची सूचना थोडी निराळी असते. सर्वसाधारणपणे घन आहार सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. रात्रीपासून पाणीसुद्धा न पिता तहानलेले राहण्यात काही पुण्य नाही, उलट मूत्रपिंडांना ते मानवत नाही. नेलपॉलिश, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. चष्मा आणि श्रवणयंत्र मात्र सोबत असू द्यावे, कारण टेबलावर सूचना ऐकाव्या लागतात.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

नेहमीचा प्रसंग असा. रुग्ण आत टेबलावर आहे, हातात नळी आहे. दहा-पंधरा मिनिटांनी दार उघडते, नातेवाइकांपैकी एकाला काचेमागच्या खोलीत बोलावतात, पडद्यावर थिजवलेल्या चित्रातील एका अरुंद जागेवर बोट ठेवतात आणि विचारतात, 'येथे ब्लॉकेज आहे, आता लगेच स्टेंट टाकू का?' ज्याने असे चित्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले आहे, तो माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि होय म्हणाला तरी ते समजून-उमजून दिलेले होय नसते.

यावर उपाय एकच आहे: हा संवाद आदल्या दिवशी, रुग्णासह आणि बसून करावा. माझ्या मते पुढील बाबी तरी आधी बोलून घ्याव्यात. एकच धमनी अरुंद असेल आणि तक्रारीचे कारण तीच आहे हे स्पष्ट असेल, तर त्याच वेळी अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी रुंदावणे, करण्यास संमती आहे का? डाव्या बाजूची मुख्य धमनी, जिला डॉक्टर लेफ्ट मेन म्हणतात, ती किंवा तिन्ही धमन्या बाधित निघाल्या, तर तेथेच थांबून हृदयशल्यविशारदांचेही मत घेतले जाईल का? ५० ते ७० टक्के यांसारखा मधला अडथळा दिसला तर त्याचे महत्त्व दाब मोजणाऱ्या बारीक तारेने तपासण्याची सोय आहे का? स्टेंट बसवला तर दोन रक्त-गोठणरोधक गोळ्या अनेक महिने घ्याव्या लागतील. नजीकच्या काळात दुसरी शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा पूर्वी जठरात रक्तस्राव झाला असेल, तर त्याचा विचार झाला आहे का? ही उत्तरे संमतीपत्रावर किंवा केसपेपरवर लिहून घेता आली तर उत्तम. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांचा राग मानत नाहीत. त्यांनाही ते सोयीचे पडते.

धोक्याबद्दल थोडक्यात. केवळ निदानाच्या तपासणीत गंभीर गुंतागुंत १ टक्क्याहून कमी रुग्णांत होते. मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांची शक्यता प्रत्येकी हजारात साधारण एक किंवा त्याहून कमी धरतात. वय फार असेल, हृदयाचे पंपिंग कमी असेल किंवा मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर ती वाढते. अँजिओप्लास्टीचा धोका यापेक्षा अधिक असतो. म्हणूनच 'आपल्या प्रकृतीत आपला धोका किती' असे नेमके विचारावे, सर्वसाधारण आकड्यावर समाधान मानू नये.

टेबलावर काय होते

रुग्ण जागा असतो. झोप यावी म्हणून सौम्य औषध देतात, पण पूर्ण भूल सहसा लागत नाही. खोली थंड असते, टेबल अरुंद असते आणि क्ष-किरण यंत्राचा मोठा कमानीसारखा भाग छातीभोवती फिरत राहतो. तो कधी कधी चेहऱ्याच्या अगदी जवळ येतो, हे आधी ठाऊक असले की दचकायला होत नाही.

मनगटाचा मार्ग निवडला असेल, आणि आज बहुधा तोच निवडतात, तर अंगठ्याच्या मुळापासून थोडे वर, जेथे नाडी लागते तेथे बधिर करणारे इंजेक्शन देतात. या सगळ्यात दुखते ते बहुतेक एवढेच. मग सुईतून बारीक तार, तारेवरून शीथ नावाची आखूड नळी आणि शीथमधून कॅथेटर, अशा क्रमाने काम होते. मनगटाची धमनी लहान असल्यामुळे ती आकसते आणि हात आवळल्यासारखा दुखू शकतो. तसे झाल्यास गप्प न राहता लगेच सांगावे. आकस सोडवणारे औषध त्याच शीथमधून देता येते. कॅथेटर आत सरकताना मात्र काही कळत नाही, कारण धमनीच्या आतील अस्तराला वेदना जाणवत नाहीत.

डाय सोडल्यावर छातीत क्षणभर ऊब जाणवू शकते. डाव्या कप्प्यात एकदम अधिक डाय सोडले तर ती ऊब सर्वांगभर पसरते आणि आपल्याला लघवी झाली की काय असे वाटते. तसे झालेले नसते. एखादा ठोका चुकल्यासारखे वाटणेही नेहमीचे. 'श्वास रोखा', 'खोका' अशा सूचना मिळतील, त्या पाळाव्यात. खोकल्याने धमनीतील डाय लवकर पुढे सरकते. पण छातीत दुखू लागले, अंगाला खाज सुटली, जीभ जड झाली किंवा मळमळ वाढली, तर सूचनेची वाट न पाहता बोलावे. निदानापुरती तपासणी साधारण अर्ध्या तासात आटोपते, उपचार झाल्यास वेळ वाढतो.

चित्र, टक्केवारी आणि निर्णय

अँजिओग्राफी दाखवते ती धमनीच्या पोकळीची सावली. क्लीव्हलंडचे डॉ. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये या धमन्यांत थेट डाय सोडून चित्र घेण्याची वाट खुली केली, तेव्हापासून ही सावली हाच निदानाचा आधार राहिला आहे. तिची मर्यादाही तेव्हापासूनची आहे. डोळ्यांनी पाहून '७० टक्के' असा आकडा सांगितला जातो, पण दुसरा तज्ज्ञ त्याच चित्राला ६० किंवा ८० म्हणू शकतो. शिवाय धमनी किती अरुंद आहे आणि पलीकडच्या स्नायूला रक्त किती कमी पडते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एफएफआर या मोजमापाने मिळते. दाब मोजणारी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात, औषधाने रक्तप्रवाह कमाल वाढवतात आणि पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या तुलनेत किती उरला हे पाहतात. हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले तर अडथळा खरोखर रक्त अडवतो आहे असे मानतात. फेम या संशोधनात ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच या कसोटीवर महत्त्वाचे ठरले. ७० टक्क्यांच्या वर चित्र आणि मोजमाप बहुधा जुळते, पण तेथेही नेहमीच नाही. अडथळा मधल्या पट्ट्यात असेल आणि आधीच्या कोणत्याही तपासणीने रक्त कमी पडत असल्याचे दाखवलेले नसेल, तर हे मोजमाप करून घेण्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटते. सर्वत्र ही तार उपलब्ध असतेच असे नाही. तेव्हा थांबून स्ट्रेस तपासणी करणे हाही पर्याय असतो.

स्थिर तक्रारी असलेल्या रुग्णाने आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत पाच हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, तर इतरांना आधी केवळ औषधे दिली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही वर्षांच्या काळात मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना मात्र पहिल्या मार्गाने अधिक आराम मिळाला. लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा असलेले, हृदयाचे पंपिंग फार कमी असलेले आणि नुकताच झटका आलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लावू नये. इतरांनी मात्र 'स्टेंट टाकला नाही तर कधीही काहीही होईल' या वाक्यावर घाईने सही करण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी स्टेंट मुख्यतः लक्षणे कमी करण्याचे साधन आहे, आणि लक्षणे औषधांनी आटोक्यात असतील तर थांबणे हाही वैद्यकीय निर्णयच आहे.

मधुमेह आणि त्यासोबत अनेक धमन्यांत अडथळे असतील, तर बायपासचा लांब पल्ल्याचा लाभ सामान्यतः अधिक दिसतो. असा अहवाल आल्यावर हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद या दोघांनी एकत्र बसून मत द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उपचार ठरला तर

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिचमध्ये फुग्याने हृदयाची अरुंद धमनी प्रथम रुंदावली. तीच पद्धत आज स्टेंटच्या जोडीने वापरली जाते. अडथळ्यातून तार पलीकडे नेतात, फुगा फुगवून जागा करतात आणि मग औषधाचा लेप असलेली जाळी तेथे उघडून बसवतात. फुगा फुगलेला असतो तितके सेकंद रक्त अडते, म्हणून छातीत नेहमीसारखेच दुखू शकते. तो ओसरताच दुखणेही ओसरते. ओसरले नाही तर सांगावे. काही ठिकाणी ध्वनिलहरी किंवा प्रकाशाने धमनीच्या आतून चित्र घेऊन स्टेंट नीट चिकटला का हे तपासतात. लेफ्ट मेन किंवा लांब स्टेंट असेल तर हे अवश्य विचारावे.

याच मार्गाने अरुंद झालेली मायट्रल झडप फुग्याने उघडता येते, कप्प्यांमधील छिद्र बंद करता येते आणि महाधमनीची झडपही बदलता येते. त्यांची तयारी बरीच वेगळी असल्यामुळे येथे त्यात शिरत नाही.

नंतरचे तास आणि दिवस

मनगटावर हवेचा दाब देणारा पट्टा बांधतात आणि काही तासांत तो टप्प्याटप्प्याने सैल करतात. बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा हात फुगत गेला, तर पट्टा स्वतः न सोडता परिचारिकेला बोलवावे. जांघेतून केले असेल तर दोन ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडावे लागते. खोकताना, शिंकताना जांघेवर हात दाबून धरावा. पाणी पिण्यावर हृदयाच्या दृष्टीने बंधन नसेल तर भरपूर प्यावे.

घरी गेल्यावर जखमेतून रक्त येऊ लागले तर ते पुसत बसू नये. झोपावे, बोटांनी त्याच जागी, आणि जांघ असेल तर भोकाच्या किंचित वर, घट्ट आणि सलग दहा मिनिटे दाबावे. मधेच उचलून पाहू नये. रक्त उसळून येत असेल किंवा दहा मिनिटांत थांबले नाही, तर दाब तसाच ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, पाय गार पडणे, ताप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाल्यास फोनवर सल्ला विचारत न बसता रुग्णालय गाठावे. निळा-काळा डाग पडणे मात्र सामान्य आहे. तो काही दिवसांत पिवळा होऊन जातो. एक-दोन दिवस वाहन चालवू नये आणि काही दिवस त्या हाताने जड उचलू नये.

रुग्णालय सोडताना लेखी अहवालासोबत चित्रफितीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावा. दुसरे मत घ्यायचे झाल्यास अहवालातील वाक्यांपेक्षा ही चित्रफीत अधिक कामाची असते, आणि ती असली की तपासणी पुन्हा करावी लागत नाही. अहवालात एलएडी, एलसीएक्स आणि आरसीए ही तीन मुख्य धमन्यांची नावे असतात. कोणत्या धमनीच्या सुरुवातीला, मध्यावर की टोकाला अडथळा आहे, हे डॉक्टरांकडून आकृती काढून समजून घ्यावे.

स्टेंट बसवला असेल तर त्याचे कार्ड पाकिटात ठेवावे. त्यावर स्टेंटचा प्रकार, मापे आणि तारीख असते. ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी स्थिर रुग्णांना साधारण सहा महिने, तर झटक्यानंतर साधारण वर्षभर देतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. ती कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची हे कार्डाच्या मागे लिहून घ्यावे आणि तोपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून, दात काढण्यासाठीसुद्धा, परस्पर बंद करू नये. गोळी अचानक थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दंतवैद्य किंवा अन्य शल्यचिकित्सक गोळी थांबवायला सांगत असतील, तर त्यांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे, आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर त्या तारखेनंतरची वेळ मागावी.